देवदानकाकांचा शनिवार

देवदानकाकांशी ज्याचं एकदा तरी वाजलं नाही, असा माणूस सदरमधल्या आमच्या चर्चमध्ये शोधून सापडायचा नाही. पेटी वाजवणाऱ्या बाईंशी सुरावरून, पाळकसाहेबांशी उपदेशाच्या लांबीवरून, तरुण संघाच्या पोरांशी माइकच्या आवाजावरून आणि फाटकात आडवी स्कूटर लावणाऱ्या प्रत्येकाशी त्या स्कूटरवरून त्यांचं भांडण झालेलं असायचं. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. दिवसभर यंत्राशेजारी उभं राहून त्यांचा आवाज असा झाला होता की ते कानात बोलले तरी रस्त्यावरचा माणूस वळून पाहायचा. त्यामुळे त्यांचं कुठलंही भांडण खाजगी राहत नसे. स्वतःबद्दल ते सांगायचे, "माह्या जिभेचा वॉल्व्ह लीक आहे गा. पॅकिंग बदलून बदलून थकलो."

आणि ज्याच्या दारात देवदानकाका माफी मागायला येऊन उभे राहिले नाहीत, असाही माणूस सापडायचा नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणतो आणि टाळतो. टाळण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे, हे पुढे कळेलच.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एवढासा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. ख्रिस्तानं आपल्यासाठी प्राण दिला त्याची ती आठवण. येण्याआधी मन साफ करा, कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवा, मग या, असं पाळकसाहेब दर वेळी बजावतात. आम्ही मान खाली घालून ऐकतो, मनातल्या मनात सगळ्या जगाला घाऊक माफी देऊन टाकतो आणि रांगेत लागतो. काकांचं तसं नव्हतं. फिटर माणूस. यंत्रावर सूचना लिहिली आहे ती वाचायला नव्हे, करायला लिहिली आहे, एवढीच त्यांची समजूत. एकूण धर्माबद्दलही त्यांची तीच समजूत होती.

म्हणून पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार त्यांचा ठरलेला. दुपारी जेवण झालं की कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे महिनाभरात दुखावलेल्यांची नावं लिहायची, पान खिशात घालायचं आणि सायकल काढायची. पांढरा हाफ शर्ट, दोरीला बांधलेला चष्मा, पायात कारखान्याचे जुने बूट. दारात आले की आत यायचे नाहीत. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसत नाही. बसलो तं चहा होते, चहा झाला तं गप्पा होते, न् माफी राहून जाते."

मग थेट डोळ्यांत बघून विचारायचे, "माह्याबद्दल तुह्या मनात काही आहे काय?"

बहुतेक जण "नाही हो काका, काहीच नाही" म्हणून मोकळे व्हायचे. काका लगेच हलायचे नाहीत. बिघडलेल्या मशीनला कान लावावा तसे ते थोडा वेळ त्या 'नाही'ला कान लावून उभे राहायचे. पटलं तर हसून सायकलला टांग मारायचे. नाही पटलं तर तिथेच पुन्हा विचारायचे. कधी कधी माफी मागताना मूळ भांडण समजावून सांगायच्या नादात तेच भांडण नव्यानं सुरू व्हायचं आणि अर्ध्या तासानं काका त्याच दारात दुसऱ्यांदा उभे असायचे. पेटीवाल्या बाई तर म्हणायच्या, "काका भांडतात ते परवडलं बाई, त्यांची माफी नको."

मार्थाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा चिडवलं की यादीत तुमचं नाव कितव्या नंबरवर असतं? कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "माहं नाव यादीत कायले लिहिन? माहा नंबर रोजच लागते."

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर इतवारीत सापडलो. मला घरासाठी पातेली घ्यायची होती, काका मागून सायकल ढकलत आले. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्या आणि टेम्पो यांच्यामधून माणसालाच वाट नव्हती, सायकलला कुठली! तरी ते एका दुकानासमोर घुसले. गुरुवारी कुकरच्या रिंगवरून त्यांनी त्या दुकानदाराला चार गिऱ्हाइकांदेखत लबाड म्हटलं होतं. आता ते हात जोडून उभे राहिले. दुकानदाराला वाटलं, म्हातारा रिंग परत करायला आला. तो आधीच म्हणाला, "बदलके नहीं मिलेगा, चाचा."

"रिंगचं राहू दे," काका म्हणाले, "मी तुले लबाड म्हटलं. तसं म्हणायले नव्हतं पाहिजे. माफ कर."

दुकानदार गोंधळला. त्यानं खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. काकांनी चहा नाकारला. जाता जाता मात्र दारात थांबून ठणकावून म्हणाले, "पण कुकर गळतेच. ते मी मागं घेत नाही."

परतताना मी हसत होतो. काका गंभीर होते. "हसतं काहून? चूक माही जेवढी होती तेवढीच मागं घ्यायची. जास्त घेतली तं तेबी खोटंच झालं."

दुसरी गोष्ट मला पराते यांनी सांगितली. पराते कारखान्यात काकांच्या हाताखाली होते. उमरेडच्या विणकर घरातले, गणपतीचे भक्त, आणि काकांचे सगळ्यात जवळचे दोस्त. एकदा एक नट ढिला राहिला म्हणून काका त्यांना कंपनीच्या बसमध्ये सगळ्या पहिल्या पाळीदेखत कामचोर म्हणाले. काकांचा नियम असा की जेवढ्या लोकांपुढे बोललो तेवढ्याच लोकांपुढे माफी. शनिवारी सकाळी बस सुटली तसे ते दांडी धरून मधोमध उभे राहिले, माणसं मोजली, मग म्हणाले, "पराते कामचोर नाही. मी गरम डोक्यात बोललो. पण दोघं आज रजेवर आहेत, त्यायच्यासाठी सोमवारी पुन्हा सांगीन." आणि सोमवारी पुन्हा सांगितलं. पराते सांगायचे, "मी हात जोडले, म्हटलं पुरे गा देवदान, एवढी तं शिवी नव्हती लागली!"

लांबलचक प्रार्थनांचा काकांना राग होता. प्रार्थना सभेत कुणी जगातल्या सगळ्या देशांच्या शांतीसाठी देवाला साकडं घालायला लागलं की ते घसा खाकरायचे. सभा संपल्यावर त्या माणसाला गाठून म्हणायचे, "जगाचं देव पाहीन. तू शेजाऱ्याशी कधी बोलून राहिला ते सांग." अर्थात यावरून वाजायचं आणि पुढच्या शनिवारी यादीत एक नाव वाढायचं.

आता माझं नाव त्या यादीत कसं आलं ते सांगतो.

आमचं जुनं घर काकांच्या घराला लागून. मी लग्नानंतर वर्धा रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला, आई जुन्या घरीच राहिली. तिला तिथून हलायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी फार आग्रहही केला नाही. माझं ऑफिस सदरमध्येच. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटं. तरी मी पंधरा-पंधरा दिवस जात नसे. फोन करायचो. ती म्हणायची, "काम असेल तर राहू दे रे." मी राहू द्यायचो. तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब संध्याकाळी काका घालायचे. पेपरातली मरणाच्या बातम्यांची बाजूही तेच तिला वाचून दाखवायचे आणि त्यावरूनही दोघांचं भांडण व्हायचं.

एका जानेवारीत ती झोपेतच गेली. मी धावपळ केली. फुलं, गाड्या, मांडव, सगळं नीट. शवपेटी मुद्दाम चांगल्यातली आणली, शिसवी रंगाची, पितळी कड्यांची. कब्रस्तानात पेटी खाली सोडण्याआधी मी कुणाला तरी सांगत होतो की कडी जपून, पॉलिश खरवडेल. काका शेजारी उभे होते. त्यांचे डोळे लाल होते. त्यांच्या त्या आवाजात ते म्हणाले, "पेटी चांगली आणली गा अनिल. याच्या अर्धं लक्ष तिच्यावर दिलं असतं तं म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली नसती."

चाळीस-पन्नास माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. माझी मुलगीही होती. ते खोटं असतं तर मी दुःखातल्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण आई दारात खुर्ची टाकून बसायची हे मला माहीत होतं. ऑफिसच्या मोटरसायकलवरून त्या रस्त्यानं जाताना मी एकदा तिला लांबून पाहिलं होतं आणि उशीर झाला म्हणून पुढे निघून गेलो होतो.

पुढच्याच रविवारी, उपासनेनंतर सूचना वाचतात तेव्हा काका उभे राहिले आणि सगळ्या मंडळीपुढे म्हणाले, "अनिलच्या आईच्या मातीला मी त्याले नको ते बोललो. ती जागा नव्हती, ती वेळ नव्हती. मले माफ करा." त्यांचा नियम पाळून झाला. मी मान हलवली. मग प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ते सायकल मारत वर्धा रोडला आले. सत्तरीचा माणूस, उड्डाणपुलाखालून, एवढ्या गाड्यांतून. दारात उभे राहिले आणि विचारलं, "माह्याबद्दल तुह्या मनात काही आहे काय?"

"नाही हो काका," मी म्हणालो. "काहीच नाही."

ते उभे राहिले. बराच वेळ. मी नजर शर्टाच्या बटणावर ठेवली.

"आहे गा," ते म्हणाले. "असू दे. मी येईन पुन्हा."

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाची रांग लागली तेव्हा काका शेवटच्या बाकावरून उठले नाहीत. मी पुढे गेलो, गुडघे टेकले, भाकर घेतली. परतताना त्यांच्या जवळून गेलो. ते माझ्याकडे पाहून हसले, आणि मला त्या हसण्याचाही राग आला. मला ते नाटक वाटलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले, पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि रविवारी ते पुन्हा बाकावर बसून राहिले. असं महिन्यामागून महिने चाललं. पुनरुत्थानाच्या सणाला अख्खी मंडळी नवे कपडे घालून पुढे गेली तेव्हाही म्हातारा एकटा मागे बसून होता.

पाळकसाहेबांनी त्यांना समजावलं. तुम्ही माफी मागितली, तुमचं काम झालं, आता मन मोठं करून पुढे या, म्हणाले. काका म्हणाले, "साहेब, माह्या हातानं काटा रुतला त्याच्या पायात. तो लंगडून राहिला. मी कसा जेवाले बसू?" हे मला पाळकसाहेबांनीच सांगितलं, बहुधा मला पाझर फुटावा म्हणून. मी म्हणालो, "मी तर केव्हाच माफ केलंय. त्यांनाच हौस आहे."

खरं लिहायचं तर मला त्यात बरं वाटत होतं. चारचौघांत माझी मान खाली घालायला लावणारा माणूस दर महिन्याला चारचौघांत मागे बसतो, हे मला आतून गोड लागत होतं. आणि त्याच तोंडानं मी भाकर घेत होतो. एकदाही चुकवली नाही.

पुढे पुढे मी शनिवारी दुपारी घराबाहेर पडायला लागलो. एकदा मात्र घरी असताना बेल वाजली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो आणि रेखाला खूण केली. माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, तरी ती "ते बाहेर गेलेत" म्हणाली. काकांच्या आवाजाला भिंत कुठली अडवणार! ते म्हणाले, "हे पेरू ठेव वं सुनबाई. त्याच्या मायच्या झाडाचे आहेत. मस्त फळ धरलं आहे झाडानं अंदा." मी ओट्याशी उभा राहून ऐकत होतो. ते गेल्यावर रेखा आत आली, पेरूची पिशवी ओट्यावर ठेवली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग एक दिवस मार्थाकाकू माझ्या ऑफिसात आल्या. त्या कधी ऑफिसात आल्या नव्हत्या. पदराला हात पुसत खुर्चीच्या काठावर बसल्या.

"बापा, त्याची तब्येत ठीक नाही," त्या म्हणाल्या. "बीपी वाढून राहिलं. पण त्याचा जीव दुसऱ्यातच लागला. एकदा मनातून बोल त्याच्याशी. शिव्या दे पाहिजे तं, पण मनातून दे."

"काकू, माझ्या मनात काहीच नाही. मी कितीदा सांगू? तेच हट्टी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मग अगदी साधेपणानं, पत्ता विचारावा तशा म्हणाल्या, "तो घेत नाही. मंग तू कसा घेऊन राहिला भाकर?"

मी टेबलावरची फाईल पुढे ओढली. त्या उठून गेल्या. त्यांच्या मागोमाग जायला हवं होतं. दहा मिनिटांचाच तर रस्ता. मी ठरवलं की या शनिवारी त्यांनी येण्याआधी आपणच जायचं. त्या शनिवारी ऑफिसात साहेबांनी मीटिंग लावली. पुढच्या शनिवारी रेखाच्या माहेरी कार्यक्रम निघाला. माणसाला जायचं नसलं की अशी कामं आपोआप उगवतात. मी आईच्या बाबतीत हेच केलं होतं आणि आता काकांच्या बाबतीतही तेच करत होतो. हे तेव्हाही मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिसऱ्या आठवड्यात परातेंचा फोन आला. "देवदानले लकवा मारला. दवाखान्यात आहे. लवकर ये गा."

गेलो तेव्हा दुपार होती. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. नाकातून नळी घातली होती. ज्या आवाजानं अख्खं चर्च वळून पाहायचं तो आवाज नव्हता, आणि तो नसल्यामुळे ते फार लहान दिसत होते. पण डोळे जागे होते. मला ओळखलं.

मी खाटेशी गुडघ्यावर बसलो. आजूबाजूला पाच-सहा पेशंट, त्यांचे नातेवाईक, पराते, मार्थाकाकू. मी आवाज लहान केला नाही.

"काका, माझ्या मनात होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून होतं. मी खोटं बोलत आलो. तुम्ही खरं बोललात म्हणून मला राग होता. आई वाट पाहत बसायची आणि मी जात नव्हतो. तुम्ही जात होतात. आता काही नाही. खरंच काही नाही. मलाच माफ करा."

ते ऐकत होते. पूर्वी दारात उभे राहून ऐकायचे तसंच. मग त्यांनी डावा हात उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा हलकंच थोपटलं. मी रडलो. पराते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मार्थाकाकूंनी डोळे पुसले आणि एकदम लगबगीनं म्हणाल्या, "झालं. आता पाळकसाहेबाले बोलाव. लवकर बोलाव."

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आजाऱ्यांसाठी नेतात ती छोटी पेटी त्यांच्या हातात होती. त्यांनी पांढरा रुमाल खाटेशेजारच्या टेबलावर अंथरला, भाकर काढली, छोट्या पेल्यात द्राक्षरस ओतला. काकांचे डोळे त्यांच्या हातांवरून हलत नव्हते. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी तुकडा मोडला आणि काकांनी तोंड उघडलं, वाकडं झालेलं, एका बाजूनं.

तेवढ्यात सिस्टर धावत आली. "काय करताय? तोंडातून काही द्यायचं नाही त्यांना! गिळता येत नाही. फुप्फुसात गेलं तर जीव जाईल."

"एवढासा तुकडा आहे हो," मी म्हणालो.

"थेंबसुद्धा नाही. ओठालासुद्धा नाही."

पाळकसाहेबांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. काकांच्या कपाळावर हात ठेवून ते म्हणाले, "काका, तुमची इच्छा आहे, देवाला तेवढं पुरे आहे. तुम्हाला मिळालं असंच समजा." त्यांनी स्वतः घेतलं, मार्थाकाकूंना दिलं आणि मग माझ्यासमोर तुकडा धरला.

मी मान हलवली. मला नको होतं. मागचे इतके महिने मी न चुकता घेतलं होतं आणि आज पहिल्यांदाच मन साफ होतं, तरी माझा हात पुढे होईना. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी डावा हात उचलला, बोटं तोंडाशी नेली आणि माझ्याकडे केली. खा, असं सांगत होते. मी घेत नाही असं पाहून त्यांनी पुन्हा तशीच खूण केली, या वेळी जरा रागानं.

मी खाल्लं. काका माझ्याकडे पाहत होते. त्यांचं तोंड अजून उघडंच होतं.